नांदेड व लातूर येथील ग्रंथालये : सार्वजनिक आणि महाविद्यालयीन

सार्वजनिक ग्रंथालय रंजनासाठी आणि महाविद्यालयीन ग्रंथालय अध्ययनासाठी, ही विभागणी सर्वत्र गृहीत धरली जाते. मराठवाड्यापुरते पाहता ती इतिहासाला धरून नाही. येथे मराठी ग्रंथाला प्रथम आश्रय दिला तो वाचनालयांनी. उच्च शिक्षणाने त्याला जवळ केले ते पुष्कळ नंतर.

या विलंबाचे कारण मुख्यतः भाषिक होय. हैदराबाद संस्थानात 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले व त्याचे माध्यम उर्दू ठरले. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु नांदेड-लातूरच्या मराठी मुलाची ती घरची भाषा नव्हती. कचेरीत उर्दू, वरच्या शाळेत उर्दू, घरी मराठी अशा स्थितीत मराठी वाचन हा लोकांनी आपल्या हिमतीवर चालवावयाचा उद्योग झाला. राजधानीतील मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 सालचे, ते याच गरजेतून निघाले. जाहीर सभांवर ‘गश्ती निशाण 53’चा अंमल असता चार माणसांनी एकत्र बसून वर्तमानपत्र वाचणे हे केवळ वाचन राहत नसे.

दोन शहरांच्या वाटा मात्र निराळ्या होत्या. नांदेड मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, तर लातूर बार्शी लाइट रेल्वेच्या टोकाला. ही अरुंद गाडी 1911 मध्ये लातुरास पोहोचली आणि संस्थानाबाहेरील बार्शी-कुर्डुवाडीशी त्या पेठेचा थेट संबंध जडला. धान्याच्या पोत्यांबरोबर मराठी पुस्तकेही याच वाटेने येत असावीत, हे अनुमान वावगे ठरू नये.

संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले. पाठोपाठ 1950 मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि 1961 मध्ये लातूरचे दयानंद महाविद्यालय. ग्रंथ आता अभ्यासक्रमाच्या मागणीने येऊ लागले. या संधिकाळाचे ठळक उदाहरण नरहर कुरुंदकरांचे. पीपल्स कॉलेजात येण्यापूर्वी ते प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते आणि त्यांचा व्यासंग प्राध्यापकपदाच्या आधीचा होता.

कायद्याचा इतिहासही लक्षणीय आहे. हैदराबाद राज्याने 1955 सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला व त्यात ग्रंथालय कराची तरतूद ठेवली. तो रुजण्यापूर्वीच, 1956 मध्ये, राज्याची विभागणी झाली. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात कर नाही. अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार अनुदान आहे. करातून वाचकाचा हक्क निर्माण होतो, अनुदानातून तपासणी. हा फरक लहान नाही.

आज दोन्ही शहरांत प्रत्यक्ष फिरून पाहणाऱ्यास भूमिकांची अदलाबदल झालेली दिसते. सार्वजनिक ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचे उमेदवार स्वतःची पुस्तके घेऊन बसतात. ‘लातूर पॅटर्न’च्या गावात तर मौन आणि खुर्ची यांनाच अधिक मागणी आहे. कादंबऱ्यांच्या कपाटाशी ज्येष्ठ वाचक तेवढे येतात. संदर्भग्रंथ महाविद्यालयात असतात, पण ओळखपत्र नसलेल्या नागरिकाला ते सहसा मिळत नाहीत. म्हणजे ज्यास अध्ययन करावयाचे त्याला जागा एकीकडे व ग्रंथ दुसरीकडे.

अशा भेटींत ग्रंथसंख्या व आसनसंख्या टिपून घेण्याचा परिपाठ आहे. त्याहून मोलाच्या वस्तू म्हणजे जुनी दाखल नोंदवही आणि पुस्तकाच्या शेवटी डकवलेली तारखांची चिठ्ठी. कोणत्या भाषेचे पुस्तक कधी आले, कधी हाती गेले आणि कधीपासून पडून राहिले, हे त्यांतच कळते. महाविद्यालयीन चिठ्ठी बहुधा परीक्षेचे वेळापत्रक सांगते. सार्वजनिक ग्रंथालयाची चिठ्ठी आवड सांगते, आणि भाषेच्या अभ्यासकाला दुसरीच अधिक उपयोगी. निर्लेखनात जीर्ण पुस्तकाबरोबर तीही जाते. संगणकावर नाव चढले की नोंदवही माळ्यावर जाते. म्हणून पाहणीला गेलेल्या विद्यार्थ्याने प्रथम 1948 पूर्वीची वही मागावी. तीत साल फसली असल्यास 590 मिळवावे : 1330 फसली म्हणजे स्थूलमानाने 1920-21.