मेंढा-लेखाचा अभ्यास गट

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं एक लहानसं गोंड गाव आहे. शेजारच्या लेखा गावावरून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. या घोषणेला जो आधार होता, त्याबद्दल मात्र कमी बोललं जातं. तो आधार होता अभ्यासाचा.

१९८०च्या दशकात या भागात मोठ्या धरणांविरुद्ध आदिवासींचं आंदोलन उभं राहिलं. जंगल वाचलं पाहिजे, हे त्यातून पक्कं झालं. पण ते सांभाळायचं कसं आणि कोणी? गावातले देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीनं गावानं एक पद्धत बसवली. एखादा प्रश्न आला की अभ्यास गट बसायचा. त्यात गावकरी असत, बाहेरचे जाणकारही असत. तिथे फक्त माहिती आणि चर्चा. निर्णय घ्यायचा तो ग्रामसभेनं, तोही सर्वसहमतीनं. म्हणजे बाहेरच्या माणसानं शिकावं, शिकवावं, पण ठरवू नये.

मधाचंच उदाहरण घ्या. पूर्वी मशाल लावून माश्या जाळायच्या आणि अख्खं पोळं कापायचं, अशी रीत होती. अभ्यासातून वेगळी पद्धत आली. अंगभर जाड कपडे घालायचे, पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापायचा आणि अंडी-पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माश्या जगतात आणि पोळं पुन्हा भरतं. माशी कुठे बसते, कधी बसते हे गावाला आधीपासून माहीत होतं. त्याला प्रयोगाची जोड मिळाली.

२००६ साली वनहक्क कायदा आला. जैवविविधतेबद्दलच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क आहे, हेही त्या कायद्यानं मान्य केलं. २००९मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. अखेर एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कागद उशिरा आला. जंगलाची माहिती आणि एकत्र बसून ठरवायची सवय मात्र गावाकडे कितीतरी आधीपासून होती.

श्रोतेहो, आपल्यातले अनेक जण इथल्या विद्यापीठांत शिकतात, शिकवतात. उद्या भारतातल्या एखाद्या आदिवासी गावावर प्रबंध लिहायची वेळ आली, तर वही उघडण्याआधी एक विचारून पाहा: हा प्रश्न गावाचा आहे, की फक्त माझा? आणि लिहिलेलं गावाला परत कसं मिळणार?