वंशशोध : बिदर–उदगीर सीमाभाग

बदलत्या जिल्हासीमांमधून जुन्या नोंदींआधारे पूर्वज शोधण्याची पद्धत. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके हैदराबाद संस्थानात बिदर जिल्ह्यात होते. 1956 मध्ये ते उस्मानाबादला जोडले गेले आणि 1982 पासून नव्या लातूर जिल्ह्यात आले. त्यामुळे गाव न हलताही एकाच घराण्याचे कागद कर्नाटक (बिदर) व महाराष्ट्र (लातूर) अशा दोन राज्यांत विखुरले.

भारतीय जनगणनेत कुटुंबाचा माग लागत नाही. 1948 च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत माहिती गोपनीय आहे. प्रसिद्ध होतात ते फक्त आकडे. खरा आधार मिळतो तो निजामकालीन उर्दू महसुली दप्तर, 1954 ची खासरा पत्रके (जमिनीच्या नोंदी), शाळेची प्रवेशनोंदवही आणि तीर्थोपाध्यायांच्या गाववार वह्या यांचा. शोधकाने प्रथम गावाचा त्या-त्या काळचा तालुका व जिल्हा निश्चित करावा.