आत्याच्या ट्रंकेतली मोडी आणि लाल कंपनीचं कार्ड

मागे सुप्याच्या आठवणी लिहिल्या तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की आत्याच्या ट्रंकेतल्या कागदांचं पुढे काय झालं? सांगतो. पण त्यासाठी थोडं कॉम्प्युटरच्या इतिहासात शिरावं लागेल, कंटाळू नका.

नवीन वाचकांसाठी: आत्याचं सासर जुन्या सुप्याचं. काळी नदीवर गणेशगुडीला धरण झालं, सुपं पाण्याखाली गेलं आणि माणसं रामनगरला येऊन वसली. आत्याने घरातून भांडी कमी आणि कागद जास्त आणले. सुपारीचे हिशेब, देणीघेणी, पत्रं, सगळं मोडीत. १९५६ पर्यंत आपला कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या पिढीच्या हाताला मोडीची सवय होती. आमच्या घरात ती वाचणारे शेवटचे म्हणजे आजोबा. ते गेल्यावर ट्रंक गुंदला आमच्या माडीवर पडून राहिली. ज्या गावाचे हे कागद, ते गाव आता जाऊन बघायची सोय नाही. जे काही उरलंय ते या ट्रंकेत, आणि दर पावसाळ्यात त्यातल्या दोनचार कागदांना वाळवी किंवा बुरशी लागतेच.

लॉकडाऊनमध्ये पुण्याहून गुंदला आलो तो इथेच राहिलो. मग आम्ही पाचसहा ओळखीच्यांनी मिळून मोडी वाचणारा प्रोग्राम लिहायला घेतला. मुक्त प्रोग्राम, म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी आली, त्यामुळे निदान अक्षरं साठवायची कशी हा प्रश्न सुटला होता. वाचायची कशी, हा राहिला.

आता कार्डाची गोष्ट. १९९२-९३ च्या सुमारास पुण्यात एका कचेरीत मी पहिल्यांदा कॉम्प्युटरच्या पडद्यावर धड मराठी पाहिलं. आत ‘जिस्ट’ कार्ड होतं. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली, तिथे मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमधलं आपलं आधीचं काम पुढे नेऊन ते बनवलं. तेव्हाच्या डॉसला देवनागरी कळत नव्हती. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार हे सगळं लावायचं काम हे कार्ड करायचं, त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही मराठी टाईप करता यायचं. याच मंडळींच्या कामातून पुढे इस्की हे अक्षरांचं प्रमाण पक्कं झालं, आणि युनिकोडमधल्या देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच घेतलेला आहे. म्हणजे आज तुम्ही मोबाईलवर ‘क्ष’ टाईप करता त्याच्या मुळाशी कुठेतरी ते पुण्यातलं कार्ड आहे. हे आपल्या लोकांना फारसं माहीत नसतं याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पुढे विंडोज २००० पासून हे काम सॉफ्टवेअरच करू लागलं आणि मराठीसाठी वेगळं कार्ड लागेनासं झालं. गंमत बघा, पंचवीसएक वर्षांनी मराठी वाचण्यासाठी पुन्हा कार्ड शोधत बसायची वेळ आमच्यावर आली.

कारण असं, की यंत्राला अक्षर ओळखायला शिकवायचं म्हणजे एकच साधा गुणाकार कोट्यवधी वेळा करायचा. ग्राफिक्स कार्डात हजारो छोटे हिशेबनीस एकदम कामाला लागतात. मुळात ते खेळांतली चित्रं रंगवायला होते. २००७ मध्ये एनव्हिडियाने ‘कूडा’ आणलं आणि त्यांना इतर गणितं घालायची वाट मोकळी झाली. तेव्हापासून या क्षेत्रातले बहुतेक प्रोग्राम कूडा धरूनच लिहिले गेले. पुण्यातल्या सी-डॅकचा परम सिद्धी-एआय हा महासंगणक, जो नोव्हेंबर २०२० मध्ये जगात ६३ वा आला, तोही एनव्हिडियाच्याच कार्डांवर चालतो. कामाची म्हणून ती कार्डं उत्तमच, त्याबद्दल वाद नाही.

पण मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं त्या कंपनीशी जुनं भांडण. ड्रायव्हर बंद पेटीसारखा, आत काय आहे कळायचं नाही. काही हौशी मंडळींनी कागदपत्रांशिवाय, नुसतं कार्डाचं वागणं बघून ‘नूव्हो’ नावाचा पर्यायी ड्रायव्हर लिहिला. २०१२ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधल्या एका जाहीर कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर त्या कंपनीला जी शिवी हासडली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. तिकडे एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी कार्डांची तांत्रिक माहिती खुली करायला सुरुवात केली. एनव्हिडियानेही २०२२ च्या मे महिन्यात ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला. उशिरा, पण केला.

आमच्या गटातल्या एका मुलीकडे एएमडीचं कार्ड, तिच्याकडे आमचा प्रोग्राम चालेना. फुकट वाटायचा प्रोग्राम, आणि तो चालवायला एकाच कंपनीचं कार्ड हवं, हे काही पटेना. म्हणून मी मुद्दाम लाल कंपनीचं, १६ जीबीचं रेडिऑन घ्यायचं ठरवलं. पुतण्या म्हणाला, “काका, सगळे हिरवं घेतात, तुम्हीच उलटे.” कुरिअर जोयड्यापर्यंतच आलं, तिथून बसने मांडीवर घेऊन आणलं. शेजारच्या बाईंनी मिक्सर आणला का म्हणून विचारलं.

लिनक्समध्ये ड्रायव्हर घालावाच लागला नाही, कर्नेलमध्येच होता. कूडाच्या जागी एएमडीचं ‘रॉकएम’ बसवलं. पायटॉर्च वापरणाऱ्यांना ठाऊक असेल, एएमडीच्या कार्डावरही आज्ञा देताना ‘कूडा’ असंच लिहायचं, आत सगळं परस्पर बदलतं. सासरी आलेल्या सुनेला माहेरच्या नावाने हाक मारावी तसं! मात्र एका मदतनीस लायब्ररीतला तुकडा निव्वळ कूडासाठी लिहिलेला निघाला. ‘हिपिफाय’ नावाचं हत्यार आहे, ते कूडातली नावं बदलून देतं. त्याने बरंचसं निभावलं, उरलेलं हाताने. त्यात पंधरा दिवस गेले.

खरी अडचण विजेची. धरण आपल्याच तालुक्यात, आणि पावसाळ्यात दिवे इथेच जातात, हे काय तुम्हाला नवीन नाही. मोठं कार्ड इन्व्हर्टर बघता बघता पितं. पण ड्रायव्हर खुला असल्याने एका फाईलमध्ये आकडा लिहून त्याची भूक कमी करता येते. आकडा मायक्रोवॅटमध्ये, म्हणजे वीस कोटी लिहिले की २०० वॅट. वेग थोडा उतरतो, चालतं. शिवाय दर अर्ध्या तासाने केलेलं काम डिस्कवर साठवायचं, आणि ढग गडगडला की सरळ प्लग काढायचा.

आता प्रोग्राम दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालतो. आकडे आणि महिने तो बरे वाचतो. माणसांची नावं अजून चुकवतो, कारण लिहिणाऱ्याने नावाचं पहिलं अक्षर काढून पुढे नुसता फराटा ओढलेला असतो. गेल्या महिन्यात आत्याच्या सासऱ्यांच्या हातची एक यादी त्याने जवळजवळ पूर्ण वाचली. सुप्यातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च होता: कौलं, चुना, सुताराची मजुरी. आत्या आता नव्वदीला टेकली आहे. फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, “अरे, तो सुतार आमच्या समोरच राहायचा,” आणि मग तासभर त्या आळीतलं एकेक घर सांगत बसली. ते मी रेकॉर्ड करून ठेवलंय, पुढच्या वेळी लिहीन.

तुमच्या कोणाकडे मोडी कागद असतील तर उजेडात, सावली न पाडता, सरळ वरून फोटो काढून मला मेसेजमध्ये पाठवा. नीट वाचता येतील असे हवेत असं काही नाही. फाटकेही चालतील.