लेपित दुहेरी काच

दोन काचतावांमध्ये १२ ते १६ मिलिमीटरांची पोकळी राखून, ती कोरड्या हवेने किंवा आर्गॉन वायूने भरून व कडांनी हवाबंद करून, एका तावाच्या पोकळीकडील अंगावर निर्वातात चांदीचा अतिसूक्ष्म थर चढविलेल्या खिडकीच्या काचेस ही संज्ञा आहे. साध्या काचेची उत्सर्जकता सु. ०.८४ असते, ती या लेपाने ०.०५ च्याही खाली उतरते. परिणामी एकपदरी काचेतून दर चौरस मीटरला, तापमानाच्या दर अंश फरकामागे, जी सु. ५.७ वॉट उष्णता वाहते, ती साध्या दुहेरी काचेत २.८ वर आणि लेप व आर्गॉन यांच्या योगे १.५ च्याही खाली येते.

शीत मुलखांत हा खटाटोप घरातील ऊब राखण्यासाठी असतो. वर्धा जिल्ह्यात, जेथे मे महिन्यात पारा ४५° से. ओलांडतो, प्रश्न उलटा आहे: आत २५° राखले तरी एकपदरी काचेतून फरकापोटी चौरस मीटरला सु. ११५ वॉटच शिरतात, परंतु पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी चारला पडणारे ऊन त्याच्या कित्येक पट असते, आणि त्यातील सुमारे निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. म्हणून येथे सौरनियंत्रक जातीचाच लेप, तोही बाहेरील तावाच्या आतल्या अंगावर, घेणे अगत्याचे आहे; थंड देशांसाठीचा लेप ऊन आत घेतो व उष्णता कोंडतो. खरेदीपूर्वी पेटती काडी बाहेरच्या बाजूने काचेसमोर धरावी. चार प्रतिबिंबे दिसतात. त्यांतील दुसऱ्याचा रंग इतरांहून निराळा असल्यास लेप योग्य जागी आहे.

विदर्भातील बहुसंख्य घरे मात्र वाळ्याच्या ताट्यांवर किंवा कूलरवर निभावतात, आणि कूलरची ओली हवा बाहेर जाण्यास खिडकी उघडी ठेवावीच लागत असल्याने तेथे या महाग काचेचा उपयोग अल्पच होतो. सेवाग्राम येथे १९३६ पासून उभारलेल्या आदि निवास व बापू कुटी यांनी माती, बांबू, कवेलू व पडवी यांच्याच बळावर उन्हाची तजवीज केली होती, ही गोष्ट आजच्या काचप्रेमी बांधकामाने विसरू नये. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेने थंड प्रदेश वगळता सर्वत्र भिंती व खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेवर चौरस मीटरला १५ वॉटांची मर्यादा घातली आहे. ती पाळण्याचा स्वस्त मार्ग खिडकीवरील खोल छज्जा हाच होय. वातानुकूलित खोलीस पश्चिमेची खिडकी टाळता येत नसेल आणि छज्जाही अपुरा पडत असेल, तेव्हाच लेपित दुहेरी काचेवरील खर्च सार्थ ठरतो.