वैरण वाळली की जीवनसत्त्वांचे काय होते?

ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील गाव. हा तालुका खव्यासाठी ओळखला जातो, म्हणजे इथली बरीच कमाई दुभत्या जनावरांवर अवलंबून आहे. रब्बी ज्वारी निघाली की कडब्याच्या गंजी रचल्या जातात आणि उन्हाळाभर तीच वैरण पुरवावी लागते. गंज भरलेली दिसते, पण तिच्यातील काही जीवनसत्त्वे तोवर जवळपास संपलेली असतात.

उन्हात काय जाते, काय येते?
हिरव्या चाऱ्यातील बीटा-कॅरोटीनपासून जनावराचे शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. ऊन आणि हवा लागून वाळताना यातील मोठा भाग नष्ट होतो. उरलेले साठवणीत घटत जाते. चाऱ्याचा हिरवा रंग किती टिकला, यावरून कॅरोटीनचा ढोबळ अंदाज येतो. ‘ई’ जीवनसत्त्वही कमी होते. ‘ड’ मात्र उन्हात वाळलेल्या चाऱ्यात वाढते. ‘ब’ गटातील बहुतेक जीवनसत्त्वे गाई-म्हशींच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीवच तयार करतात.

मुरघासात चारा हवाबंद राहतो. त्याला ऊन लागत नाही, म्हणून त्यात कॅरोटीन कडब्यापेक्षा बरेच जास्त टिकते.

गोळीपेंडीचे काय?
गोळी बनवताना वाफ आणि दाब दिला जातो. या उष्णतेत ‘अ’ आणि ‘के’ जीवनसत्त्वांची काही प्रमाणात हानी होते. म्हणून कारखान्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचे संरक्षक आवरण असलेले कण वापरतात. तरीही ओल, उष्णता आणि खाद्यातील तांबे-लोहासारखी खनिजे यांमुळे साठवणीत घट सुरूच राहते.

परिणाम उशिरा का दिसतो?
‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो आणि तो काही महिने पुरतो. हिरवा चारा बंद झाल्यावर लगेच काही जाणवत नाही. पुढे रातांधळेपणा, गर्भपात, वार अडकणे, अशक्त वासरू अशा तक्रारी येऊ शकतात. वासराला हे जीवनसत्त्व मुख्यतः चिकातून मिळते; गाईकडेच नसेल, तर चिकातही कमी उतरते.

काय करता येईल?
• गाभण जनावराला रोज थोडा तरी हिरवा चारा किंवा मुरघास द्यावा.
• गंज झाकून ठेवावी.
• पेंडीची पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत; महिन्याभरात संपेल एवढीच पेंड आणावी.
• बुरशी आलेले खाद्य देऊ नये.
• जीवनसत्त्वाचे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. ‘अ’ जास्त झाले तरी अपाय होतो.