साथीचे रोग आणि शाळेतील हवा

साथ आली की शाळा बंद करावी, हा नियम आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. परंतु साथीतही मुलांना शाळेत सुरक्षित ठेवता येईल काय, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्यास निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी उत्तरे मिळाली आहेत.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला व लवकरच देशावर पसरला. सरकारने १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा केला. रयतेचा खरा आधार मात्र गावाबाहेरचे रान हाच होता. उंदीर पडू लागले की लोक घरे सोडून शेतात झोपड्या घालीत. पुण्यास सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंत यांनी रुग्णसेवा चालविली तीही शहराबाहेर मोकळ्या रानात, आणि त्याच सेवेत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा अंत झाला. शाळा बहुधा बंद होत. पुढे तापीपलीकडे अंमळनेरास शिक्षक झालेले साने गुरुजी विद्यार्थिदशेत औंधास शिकत होते; त्यांचे तेथील शिक्षण प्लेगनेच तोडले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. प्लेग पसरतो तो मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे; तेव्हा रानात जाण्याने गुण येई तो मोकळ्या हवेमुळे नव्हे, तर उंदरांपासून दूर गेल्यामुळे.

श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांत मात्र हवेलाच महत्त्व येते. क्षयाच्या भीतीने १९०४ साली बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग येथे अशक्त मुलांसाठी झाडीत शाळा काढण्यात आली. १९०८ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरी तर भर हिवाळ्यात खिडक्या सताड उघड्या ठेवून वर्ग भरविला गेला. दहा वर्षांनी इन्फ्ल्युएन्झा आला. हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. अमेरिकेतील बहुतेक नगरांनी शाळा बंद केल्या; न्यूयॉर्क व शिकागो यांनी त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्याधिकारी कोपलंड यांचे म्हणणे असे की, दाटीच्या चाळींतून येणारे मूल घरापेक्षा हवेशीर शाळेत अधिक सुरक्षित असते, कारण तेथे त्याची रोज तपासणी होते. हे निव्वळ धाडस नव्हते. त्या शहरात शाळांची वैद्यकीय तपासणी १८९७ पासून आणि शाळेतील परिचारिका १९०२ पासून होत्या. वीस वर्षांची ही तयारी विसरून केवळ 'शाळा उघड्या ठेवल्या' एवढेच सांगणारा इतिहास अपुरा होय.

आपल्याकडे अशी तयारी नव्हती. मार्च २०२० मध्ये शाळा मिटल्या. जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास अनुमती मिळाली. एका बाकावर एक विद्यार्थी आणि दोन बाकांत सहा फुटांचे अंतर असावे, असे नियम होते. ४ ऑक्टोबरपासून शाळा अधिक व्यापक प्रमाणावर उघडल्या. मधल्या काळात सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले व गल्लीच वर्ग झाली. ही सूचना कोणा तज्ज्ञाची नव्हती, हे विशेष. नियमांत हात धुणे व अंतर यांवर जेवढा भर होता, तेवढा समोरासमोरच्या खिडक्या आणि छताजवळचा झरोका यांवर नव्हता, असे आमचे मत आहे.

चोपड्याच्या बाजूस हा प्रश्न अधिक बिकट होतो. वैशाखातील झळांमुळे खिडक्या लावून घेण्याची आम्हां खानदेशी लोकांची सवय जुनी आहे. तथापि कार्तिकापासून माघापर्यंत निंबाखाली किंवा ओसरीत वर्ग भरविण्यास काहीच अडचण नाही. खरी अडचण आहे ती सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांची. तेथे पावरा मुले केवळ शिकत नाहीत, तेथेच जेवतात व एकाच दालनात निजतात. ती शाळा बंद झाली म्हणजे मुलाचा धडा, जेवण आणि निवारा तिन्ही एकदम सुटतात. दूर पाड्यावर फोनचा धागाही पोचत नाही. उलट ती चालू ठेवावयाची, तर दिवसाच्या बाकांपेक्षा रात्रीच्या अंथरुणांचा विचार आधी केला पाहिजे: दोन अंथरुणांत अंतर, आजारी मुलास निराळी खोली, आणि रात्रभर उघडी खिडकी. पौषात डोंगराकडची थंडी कडक असते, तेव्हा पांघरुणे अधिक लागतील. प्रॉव्हिडन्सच्या त्या वर्गातील मुलांना बसण्यासाठी उबदार पिशव्या दिलेल्या होत्या.