तडा न लपवणारा सुतार

आधुनिक फर्निचरचा इतिहास सांगायला बसले की अभ्यासक बहुधा जर्मनीपासून सुरुवात करतात. १९१९ साली वायमार येथे बाउहाउस ही कलाशाळा निघाली. पुढे १९२५ च्या सुमारास तेथील मार्सेल ब्रॉयर ह्या तरुण शिक्षकाने पोलादी नळ्या वाकवून खुर्ची घडवली आणि खुर्ची ही सुताराच्या हातून निसटून कारखान्याच्या ताब्यात गेली. आधी कागदावर आराखडा, मग यंत्र, आणि सर्वांत शेवटी साहित्य, असा नवा क्रम रूढ झाला. आपल्या आजच्या घरांतील प्लायवूडची कपाटे आणि सनमायका चढवलेली टेबले ही ह्याच कुळातली. पूर्वी सुतार पडवीत महिनाभर ठाण मांडून बसे, परसातल्या फणसाच्या किंवा वखारीतून निवडून आणलेल्या सागाच्या फळ्या उलटसुलट करून पाही, आणि कोणती फळी पलंगाला, कोणती पेटीला, हे तिच्याकडे बघून ठरवी. हा उलटा क्रम म्हणजे मागासलेपणा, अशी आपलीही समजूत होऊन बसली आहे.

परंतु ह्याच विसाव्या शतकात, यंत्रयुगाच्या ऐन भरात आणि तेही अमेरिकेत, एका उच्चविद्याविभूषित वास्तुशिल्पज्ञाने तो जुना क्रम जाणीवपूर्वक पुन्हा स्वीकारला. जॉर्ज नाकाशिमा हे त्यांचे नाव. त्यांच्या कामाचा पाया अमेरिकेइतकाच आपल्या देशात घातला गेला आणि त्यांच्या आयुष्यात कॅथलिक श्रद्धेला मोठे स्थान होते. असे असूनही आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसावे, ह्याचे नवल वाटते.

नाकाशिमा यांचा जन्म १९०५ सालचा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन गावचा. आईवडील जपानहून आलेले. मुलाचे बालपण डोंगरांत आणि अरण्यांत भटकण्यात गेले. त्यामुळे विद्यापीठात त्यांनी प्रथम वनशास्त्र घेतले आणि नंतर ते वास्तुकलेकडे वळले. १९३० साली मॅसॅच्युसेट्स येथील नामांकित तंत्रशिक्षण संस्थेची पदव्युत्तर पदवी मिळाली. पण ते मंदीचे दिवस होते. नाकाशिमा जगप्रवासाला निघाले. पॅरिसमध्ये राहिले. शार्त्रच्या कॅथेड्रलने तर त्यांच्या मनात कायमचे घर केले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनाम कारागिरांनी उभारलेली ती वास्तू पाहिल्यावर स्वतःच्या सहीचे महत्त्व त्यांना उरले नसावे. फिरत फिरत १९३४ साली ते जपानला पोहोचले आणि टोकियोत अँटोनिन रेमंड ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत रुजू झाले.

ह्या कचेरीकडे पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमाचे काम आले. साधकांसाठी एक निवासगृह बांधायचे होते. हैदराबादचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्या खटपटीने त्यासाठी एक लक्ष रुपयांची देणगी मिळाली, म्हणून इमारतीला नाव पडले ‘गोलकोंडा’. कामावर देखरेख करायला रेमंड यांनी नाकाशिमांना पाठवले. भारतातील अगदी पहिल्या आधुनिक काँक्रीट इमारतींपैकी ही एक. भिंतींच्या जागी आडव्या झडपा, त्या उघडल्या की समुद्रावरचा वारा आरपार वाहतो. विजेच्या पंख्याची गरजच पडू नये, अशी योजना.

इमारतीपेक्षाही ती कशी बांधली गेली, हे अधिक सांगण्यासारखे आहे. मजुरांच्या बरोबरीने आश्रमातले साधक काम करीत. त्यांतील बहुतेकांनी पूर्वी थापी हातात धरलेली नव्हती. घाई नव्हती. अवजारे मोजून दिली जात आणि मोजून परत घेतली जात. दारांच्या मुठी आणि खिडक्यांचे खिट्ट्यासारखे सामान जुनी पितळी भांडी वितळवून ओतले गेले. खोल्यांतील सागवानी फर्निचर नाकाशिमांनी आखले. फर्निचर घडवण्याची त्यांच्या आयुष्यातील ही जवळजवळ पहिलीच वेळ. साधेसुधे, कोरीव कामाचा लवलेश नसलेले ते पलंग आणि खुर्च्या. काम चालू असतानाच ह्या तरुणाने पगार घेणे सोडले आणि तो आश्रमाचा साधक झाला. श्रीअरविंदांनी त्याला ‘सुंदरानंद’ हे नाव दिले. श्रम आणि प्रार्थना ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, हे बेनेडिक्टच्या मठांत शतकानुशतके मुरलेले सत्य नाकाशिमांना प्रथम भेटले ते असे, एका हिंदू आश्रमाच्या आवारात. देवाच्या वाटा अनेक असतात, एवढेच आपण म्हणावे.

१९३९ साली युद्धाचे ढग जमू लागले आणि नाकाशिमांनी भारत सोडला. जपानमध्ये मॅरियन ओकाजिमा ह्या अमेरिकेतच जन्मलेल्या तरुणीशी त्यांची भेट झाली. पुढे दोघांचा विवाह झाला. १९४० साली ते सिअ‍ॅटल शहरी परतले. वास्तुकला सोडून फर्निचरच घडवायचे, हा निश्चय एव्हाना पक्का झाला होता. पण जागा नव्हती, पैसा नव्हता. तेव्हा मेरिनॉल मिशनचे धर्मगुरू फादर लिओपोल्ड टिबेसार त्यांच्या मदतीला आले. मिशनच्या मुलांच्या क्लबमधील कार्यशाळा त्यांनी नाकाशिमांना मोकळी करून दिली. मोबदला एवढाच, की मुलांना सुतारकाम शिकवावे.

हे फार दिवस टिकले नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील दोनतृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. गुन्हा कोणताच नव्हता; चेहरा हाच पुरावा ठरला. नाकाशिमांची मुलगी मीरा त्या वेळी अवघ्या काही आठवड्यांची होती. तिला कडेवर घेऊन हे दांपत्य आयडाहोच्या वैराण प्रदेशातील मिनिडोका छावणीत दाखल झाले. तेथे नऊ हजारांहून अधिक माणसे लाकडी बराकींत दाटीवाटीने राहत होती. फादर टिबेसारही आपल्या धर्मग्रामस्थांच्या पाठोपाठ तेथे गेले. मेंढपाळाने कळपामागून तुरुंगाच्या दारापर्यंत जावे, ह्याहून वेगळे काय अपेक्षित असते?

अमेरिकेने ह्या अन्यायाबद्दल १९८८ साली कायदा करून क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला वीस हजार डॉलर दिले. पण नाकाशिमांच्या बाबतीत त्या छावणीने आणखी एक गोष्ट केली, जी तिच्या चालकांच्या मनातही नव्हती. तेथे त्यांची गाठ गेन्तारो हिकोगावा ह्या सुताराशी पडली. हिकोगावा जपानच्या जुन्या पद्धतीत तयार झालेले. पटाशीला धार कशी लावावी, फळीची नस कशी ओळखावी, खिळा न मारता कुसू आणि साल एकमेकांत कसे बसवावे, हे सारे त्यांनी पदवीधर वास्तुशिल्पज्ञाला आरंभापासून शिकवले. साहित्य म्हणजे बांधकामातले उरलेसुरले तुकडे आणि माळरानावरची खुरटी, वेडीवाकडी झुडपे. वाकड्या लाकडातून सरळ फळी निघत नाही; तेव्हा वाकडेपणालाच कामाला लावावे लागते. नाकाशिमांच्या पुढील सगळ्या कलेचे बीज ह्या दारिद्र्यात आहे, असे मला वाटते.

१९४३ साली रेमंड यांनी जामीन राहून त्यांची सुटका करवली आणि पेनसिल्व्हेनियातील न्यू होप गावाजवळच्या आपल्या शेतावर त्यांना आणले. कागदोपत्री ते शेतमजूर होते आणि कोंबड्यांची निगा राखत होते. काही वर्षांनी जवळच थोडी जमीन मिळवून नाकाशिमांनी स्वतःच्या हातांनी आधी कार्यशाळा आणि मग घर उभारले. हाच क्रम योग्य, असे त्यांना वाटले असावे.

त्यांची कामाची रीत आपल्या जुन्या सुतारांना परकी वाटली नसती. ओंडका कापायचा त्या दिवशी ते स्वतः लाकूड-गिरणीत उभे राहत. करवत कोणत्या बाजूने चालवायची, हा निर्णय एकदाच घेता येतो. तो चुकला तर शेकडो वर्षांचे झाड वाया जाते. कापलेल्या फळ्या ज्या क्रमाने ओंडक्यात होत्या त्याच क्रमाने एकावर एक रचून ठेवायच्या आणि वर्षानुवर्षे उघड्या हवेत मुरू द्यायच्या. मग एखादे कुटुंब जेवणाचे मेज मागायला आले, की त्यांच्यासमोर फळ्या काढून त्यांतील एक निवडायची. तिच्यावर त्या कुटुंबाचे नाव लिहिले जाई. कारागिराचे नाव मात्र कित्येक वर्षे नसे. मेजाच्या कडा रंध्याने सरळ करायच्या नाहीत. साल काढल्यावर झाडाची जी नैसर्गिक वळणदार कड उरते, तीच मेजाची कड.

आणि तडा? जाड, अखंड फळी सुकताना तडकतेच. व्यापारी दृष्टीने ती फळी बाद. नाहीतर भुसा आणि सरस भरून वरून पॉलिश फासावे, म्हणजे गिऱ्हाइकाला कळत नाही. नाकाशिमांनी दोन्ही केले नाही. तड्याच्या दोन्ही अंगांना धरून ठेवील अशी, फुलपाखराच्या आकाराची, कठीण लाकडाची पाचर ते आडवी बसवीत. ह्या पाचरीमुळे तडा पुढे सरकत नाही, पण दिसतो. किंबहुना पाहणाऱ्याचे लक्ष आधी तेथेच जाते. ही युक्ती त्यांनी शोधलेली नव्हे; अनेक देशांतील सुतारांना ती पूर्वापार माहीत होती. मात्र ती दुरुस्ती म्हणून लपवली जात असे. नाकाशिमांनी तिला मेजाच्या मधोमध आणून बसवले. छावणीतून आलेल्या माणसाने असे करावे ह्यात काही अर्थ आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

पुढे नाकाशिमा पतिपत्नींनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. पाँडिचेरीची शिकवण मात्र त्यांनी टाकली नाही. आपल्यातील काहींना हे खटकेल, पण त्यांना स्वतःला त्यात विसंगती वाटली नाही. चर्चसाठी त्यांनी मनापासून काम केले. क्योतो येथील कात्सुरा भागातील कॅथलिक चर्च १९६५ साली त्यांच्या आराखड्यानुसार उभे राहिले. दुसरे काम न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातले. तेथे चामा नदीच्या दरीत फादर एलरेड वॉल यांनी १९६४ साली ‘ख्राइस्ट इन द डेझर्ट’ हा बेनेडिक्टाइन मठ स्थापला. त्याचे मंदिर नाकाशिमांनी आखले ते तेथल्याच मातीच्या कच्च्या विटांचे. मागच्या कड्याचा आणि भिंतीचा रंग एकच. थॉमस मर्टन १९६८ साली आशियाच्या अखेरच्या प्रवासापूर्वी ह्या मठात येऊन गेले आणि ही वास्तू त्यांना फार भावली.

भारताशी असलेले नातेही १९६४ साली पुन्हा जुळले. गौतम आणि गिरा साराभाई यांच्या पुढाकाराने अहमदाबादला उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने त्यांना बोलावले आणि तिच्या कार्यशाळेतील सुतारांनी साग आणि शिसवी लाकडात त्यांच्या खुर्च्या-मेजे घडवली.

त्यांच्या कीर्तीचा शेवट मात्र थोडा विचित्र झाला. साध्या घरांत रोज वापरावे म्हणून बनवलेले फर्निचर धनिकांच्या संग्रहात गेले. २००६ साली त्यांचे एक मेज लिलावात आठ लक्ष डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. दुसरीकडे नैसर्गिक कडेच्या मेजांची जगभर लाट आली आहे. आपल्या शहरांतील दुकानांतही ती दिसतात. फळीच्या मधल्या भेगेत निळे रेझिन ओतून नदीचा देखावा केलेला असतो. दिसायला ते मोहक आहे, नाही असे नाही. परंतु भेग सांधणे वेगळे आणि भेगेची शोभा करून विकणे वेगळे.

आयुष्याच्या उतारवयात लाँग आयलंडवरील एका प्रचंड अक्रोडवृक्षाचा बुंधा त्यांच्या हाती आला. त्याच्या दोन फळ्या पाचरींनी सांधून त्यांनी शांततेची वेदी घडवली आणि न्यू यॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन ह्या अँग्लिकन परंपरेतील कॅथेड्रलला दिली. ३१ डिसेंबर १९८६ रोजी तिला आशीर्वाद देण्यात आला. प्रत्येक खंडात अशी एक वेदी असावी, अशी त्यांची इच्छा होती. १५ जून १९९० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ती अपुरीच होती. कार्यशाळेची सूत्रे मीरा यांनी हाती घेतली. मिनिडोकाला कडेवर गेलेली तीच मुलगी, आता स्वतः वास्तुशिल्पज्ञ झालेली. त्यांच्या देखरेखीखाली घडलेले मेज १९९६ साली आशिया खंडासाठी भारतात आले. ते ऑरोव्हिलमध्ये आहे, गोलकोंडापासून काही कोसांवर.